दहा नंबरचा पाना

भिंतीवरच्या त्या फळीला आम्ही सावली म्हणायचो.
पिवळ्या रंगावर प्रत्येक हत्याराचा काळा आकार,
हत्यार टांगलं की आकार झाकायचा.
शिफ्ट सुटताना काळं दिसता कामा नये.
एवढाच नियम. बालवाडीतल्या पोरालाही कळेल असा.

त्या रात्री दहा नंबरचा आकार उघडा होता.

जानेवारी. ओझरची थंडी, लोखंडाला बोट चिकटावं अशी.
पलीकडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या,
त्यांचा धूर हँगरच्या दारातून आत सरकत होता.
पावणेचार वाजलेले.
विमान सहाला बाहेर काढायचं, सहा म्हणजे सहा,
फोन तीनदा येऊन गेलेला.

पुंजाराम शेजवळ पोटावर झोपून,
बॅटरी दातांत धरून आत डोकावत होता.
बॅटरी काढून म्हणायचा, माझ्या हातात होता,
अकरापर्यंत नक्की होता,
आणि पुन्हा दातांत धरायचा.
त्याची सलग तिसरी रात्र. माझी दुसरी.

खैरनार साहेब आले. मफलरही सोडला नाही.
म्हणाले, खिशातून गेला असेल कुणाच्या तरी घरी.
म्हणाले, फळ्या पुन्हा उचलायच्या तर दुपार होईल.
म्हणाले, दुपारचं उत्तर वर तुम्ही देता का, कातकाडे?
ओरडले नाहीत.
त्यांच्या आवाजात मला दुसऱ्याच कुणाचा तरी
आवाज ऐकू येत होता, त्याच्याही मागे आणखी कुणाचा.

मी वही ओढली.
पाना नव्हता, पान होतं.
सर्व हत्यारे मोजली, बरोबर आहेत.
त्याखाली सही.
थंडीने पेन उठेना, दोनदा गिरवली.

विमान उडालं. काही झालं नाही.
दुसऱ्या आठवड्यात उडालं. काही झालं नाही.
घरी जेवताना डोक्यावरून आवाज गेला
की माझा घास हातातच थांबायचा,
आवाज चांदवडच्या डोंगरापार होईपर्यंत.
बायको म्हणायची, भाकरी कडक झाली का?

नवा पाना मागवायचा तर हरवल्याचं लिहावं लागलं असतं.
पुंजारामने भद्रकालीतून आणला, स्वतःच्या पैशाने.
अंगाने जरा बारीक निघाला.
टांगला तरी कडेने काळी रेघ उरायची.
खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातल्या,
सगळ्या हत्यारांना कुंकू लावत तो तिथवर आला
आणि पान्याला सोडून
त्या रेघेला बोट टेकवलं.
मी दुसरीकडे बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो.

डिसेंबरात मोठ्या तपासणीला फळ्या उचलल्या.
होता. शेपटीकडे जाणाऱ्या केबलला टेकून निजलेला.
एका बाजूने गंजलेला, दुसऱ्या बाजूने चांदीसारखा लखलखीत,
वैमानिकाने जितक्यांदा पाय दाबला
तितक्यांदा केबलने घासून घासून उजळलेला.
केबलच्या तारा मोजल्या. नऊ तुटलेल्या.
किती तुटल्यावर ती जाते, हे पुंजारामला ठाऊक होतं,
मला ठाऊक होतं. कुणीच आकडा बोललं नाही.
केबल बदलली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: झीज.
ते खोटंही नव्हतं.

आता दर नोव्हेंबरात बँकेत जातो, हयातीचा दाखला द्यायला.
काउंटरवरची पोरगी फॉर्म सरकवते,
काका, इथे सही करा.
मी विचारतो, तपासलंस का नीट?
ती हसते. तुम्ही समोर उभे आहात ना, अजून काय तपासायचं?
रांग मागून ढकलते. जेवणाची सुट्टी व्हायची असते.

वर कुठेतरी एक निघालेलं असतं.
मी पेन कागदापासून बोटभर वर धरून ठेवतो.
काका, ती म्हणते, लवकर.