दांडेकर पुलापर्यंत

"काका, आ करा."
केला.
"अजून."
अजून कुठून आणू? माझा तेवढाच होता.
शिकाऊ डॉक्टर, आमच्या प्राचीच्या वयाची,
म्हणाली, तुमचीच तीन बोटं उभी घाला तोंडात.
दोन गेली.
तिसरं बाहेर राहिलं,
भरल्या गाडीच्या पायरीवर एक पाय टेकलेल्या माणसासारखं.

सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय,
पुढे सरका, आत जागा आहे.

तिने लाकडी काड्यांचा जुडगा दिला,
आईस्क्रीमच्या असतात तशा, चपट्या.
दातांत धरायच्या, सकाळ-संध्याकाळ,
जमलंच तर आठवड्याला एक वाढवायची.
"आणि मावा बंद. आजपासून."
मी मान हलवली,
सुट्टे उतरताना देतो म्हणतात, तशी.

आजपासून काही जमलं नाही.
स्वारगेटला मुबारक मला लांबूनच बघतो
आणि सुपारी घोळायला घेतो,
प्लॅस्टिकमधला गोळा तळव्यावर गरगर, गरगर.
'आजपासून' फार लांब पल्ल्याचं होतं.
मी जवळचं तिकीट काढलं:
दांडेकर पुलापर्यंत खायचा नाही.
पुढचं पुढे.

पूल आला. पुडी वरच्या खिशात, छातीला चिकटून.
बरं, राजाराम पुलापर्यंत.
तिथे एका बाईंचा पास कालच संपलेला निघाला,
त्या भांडणात आनंदनगर कधी गेलं
कळलंच नाही.
असा धायरी फाट्याला पोचलो,
आणि खाल्ला.
घरी शालनला सांगितलं, एक फेरी काढली.
ती तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली, "आणि परतीची?"

पुडी खिशातून मशीनच्या पिशवीत गेली,
पिशवीतून मोझ्यांच्या सीटमागे.
मागायची तर मोझ्यांना हाक मारावी लागायची
आणि मोझे गियर टाकताना बोलत नाहीत.
खिशात बडीशेप आली. मग लवंग.
मग काहीच नाही,
तरी बोटं जाऊन यायची,
कुलूप दिसत असताना कडी वाजवावी तशी.

सतरा. सतरा. अठरा.
टीव्हीसमोर तोंडात जुडगा धरून बसलेला मी,
हनुवटीवर लाळ.
प्राचीने हसत फोटो काढला
आणि जरा वेळाने गुपचूप पुसला.

मेव्हण्याच्या तेराव्याला, हडपसरला, मांडवामागे
कुणीतरी तळवा पुढे केला.
चुन्याचा वास आला. बाकीचं हाताने केलं.
चार दिवस खाल्ला मग, हिशेब न ठेवता.
पाचव्या दिवशी काड्या घातल्या तर सोळा.
रागाने सतरावी घुसवली,
ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं.
शालनने ती काढून घेतली, धुतली,
डब्यात ठेवली.
"ढकलाढकली कशाला?
येईल की मागच्या गाडीने."

मुबारकने एकदा विचारलं, रागावलात का साहेब?
म्हटलं, नाही रे. सुट्टे नाहीत.
तो हसला. चहा पाजला त्याने, पैसे घेतले नाहीत.

आज बावीस.
पहिल्यासारखं होणार नाही, हे ती पोरगी
तेव्हाच स्पष्ट बोलली होती.
वडापाव अजून मी कडेकडेने कुरतडतो,
ठेचा अजून झोंबतो.
तल्लफही काही मेलेली नाही.
रोज स्वारगेटला चढते,
दारातच उभी राहते, दांडा धरून,
तिकीट विचारलं की म्हणते, पुढच्याच स्टॉपला उतरायचंय.
उतरते कधी. कधी नाही.

आज पहाटेच्या फेरीला, गाडीत दोन दूधवाले आणि मी,
दांडेकर पुलावर मला जांभई आली.
आली ती येतच राहिली,
कानाशी कट्ट वाजलं, डोळ्यांतून पाणी,
थंड हवा पार घशापर्यंत गेली.
मोझ्यांनी आरशातून बघितलं.
"झोप नाही का झाली, कदम?"
"झाली की," म्हटलं, आणि डबल बेल दिली.

तिसरं बोट घालून बघायचं
तेवढं राहिलं.