उलटे थांबे

माझ्या नावापुढे वय लिहिताना
काउंटरवरची मुलगी थबकली.
"पेशंट मुलगा ना?"
"त्याचं झालं गेल्या महिन्यात. आता माझं."
एकोणपन्नास.
भिंतीवर उंची मोजायचा जिराफ,
खुर्च्या इतक्या बुटक्या
की गुडघे हनुवटीला लागलेले.

सन्मतीच्या वेळी मॅडम विचारत होत्या
आणि उत्तरं मी देत होते.
डबा विसरतो? विसरतो.
एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला लागतो? लागतो.
समोर बसून ऐकतो, पण ऐकतच नाही, असं होतं?
आठव्या-नवव्या प्रश्नापाशी मला कळेना
मी नेमकं कुणाचं सांगतेय.

शंभर फुटी रोड. खाली भडंगाचं दुकान.
लसणीचा वास जिना चढून वर आलेला.
तांबोळी मॅडम म्हणाल्या,
मी आकडे सांगते, तुम्ही उलटे म्हणा.
सात, दोन, नऊ.
नऊ, दोन, सात.
चार, एक, आठ, सहा, तीन.
तीन, सहा...
खाली कुणीतरी चुरमुऱ्याचं पोतं आपटलं,
मग कढई, मग कढीपत्ता,
मग सकाळी गॅस बंद केला होता का मी.
"असू दे," त्या म्हणाल्या
आणि काहीतरी टिपून घेतलं.

बावीस वर्षं कंडक्टर आहे मी, तासगाव आगार.
माझ्या हिशोबात तूट येते.
कधी सात रुपये, कधी चाळीस,
एकदा दिवाळीच्या गर्दीत सहाशे दहा.
मी कुणाचे खाल्ले नाहीत, माझे कुणी खाल्ले नाहीत,
मधल्यामधे जातात.
कुणाचं पोर रडतं, कुणी आधी सुट्टे मागतं,
बाहेर द्राक्षबागेवरचा कागद फडफडतो,
आणि शंभराची नोट परत दिलेली असते
किंवा नसते.
रात्री आपल्या पाकिटातून भरायचे.
शेऱ्यात लिहायचं: निष्काळजीपणा.
खाली सही.
मला वाटायचं, सगळेच भरत असतील.

"लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणी आहे?"
आई नाही. दादाला फोन लावला, स्पीकरवर.
"रत्नी व्हय? ती पयल्यापासनं वेंधळीच,"
आणि खूप हसला.
मग आवाजच येईना. वाटलं, रेंज गेली.
"एकदा कळशी हिरीवर इसरून आली.
आण्णांनी दुपारभर उनात उभी केली हिला.
मीच पळत जाऊन सांगितलं हुतं त्यास्नी.
आठ वर्साची हुती."
थोड्या वेळानं परत, "आठ."

हे फॉर्मच्या कुठल्या चौकोनात बसलं
मला माहीत नाही.
मी जिराफाकडे बघत होते.

निघताना, दारातून, मीच वळले.
मॅडम, उलटं मला येतं.
सांगली, माधवनगर, बुधगाव, कवलापूर,
कुमठे फाटा, कवठे एकंद, तासगाव.
आणि कवलापूरला सव्वासहाच्या गाडीला
एक मावशी भाजीची पाटी घेऊन चढते,
तिचा डावा गुडघा दुखतो,
म्हणून दार तिच्या बाजूला येईल अशी
गाडी उभी करायला लावते मी ड्रायव्हरला.
"याला मार्क नाहीत हो,"
मॅडम म्हणाल्या. पण पेन उचललं,
आणि समासात, बारीक अक्षरात, लिहिलं काहीतरी.

रिपोर्ट चार पानी. नाव इंग्रजीत.
सन्मतीनं ते बोट ठेवून ठेवून वाचलं,
दोनदा अडखळला,
दोन्ही वेळा मी थांबून राहिले.
पूर्वी असते तर म्हटलं असतं, लक्ष कुठंय तुझं.
"मराठीत काय म्हणायचं याला?"
त्यानं खांदे उडवले. "आपलं," म्हणाला.

त्या रात्री नऊ रुपये कमी आले.
पाकिटातून काढले. भरले. सही केली.
कारकुनानं कागद उलटसुलट बघितला.
"मगदूम बाई, शेरा लिहायचा इसरलात."

नाही, म्हटलं.
विसरले नाही.