ही ओळ काढू नये

रात्री साडेअकराला लाइन येते, मोटारपंपांची.
तेव्हाच मीही कर्नल बांधायला लावतो.

तिसऱ्या रात्री कळलं, चूक माझी नव्हती.
टायमरच्या रजिस्टरात मी दोनदा शून्य लिहिलं होतं,
हात लावू नको असं बजावून.
कंपायलरला एकदाच पुरेसं वाटलं.
इशारासुद्धा न देता
एक शून्य गिळलं त्यानं.
असेंब्ली उलगडली तर ती जागा
पडलेल्या दातासारखी.

कंपायलर दुरुस्त करणारे कुठं,
आणि मी कुठं, मारेगावच्या पुढं अकरा किलोमीटर.
दोन ओळींच्या मधे एक ओळ घातली
काहीच न करणारी,
नुसती आडवी उभी.
वर टीप: ही ओळ काढू नये.
कर्नल उठला.
काळ्या पडद्यावर एकच अक्षर, आणि मी एकटाच हसलो.

पहाटे उकंडा कुमरे ओलिताला निघाला,
झोप नव्हतीच, मागं गेलो.
पांदण एका जागी उगाच वाकते,
अन् परत सरळ होते.
“इथं काहून वयते?”
“बाभूय होती.”
“कधी?”
“म्या नाही पाह्यली. माह्या बापानं बी नाही.”
सांगता सांगता वळला तो.
मीही वळलो.

घरी येऊन टिपेखाली तारीख लिहिली,
कंपायलरची आवृत्ती,
आणि का, ते दोन वाक्यांत.
शेवटी ‘बाभूळ’ असंही लिहिलं होतं.
खोडलं.
मग परत लिहिलं.