पांढरीचं पान

सात संगणक. चालू चार.
पाचवा चालतो, पण त्याचा 'र' दबत नाही,
म्हणून सहामाहीला आमच्याकडे
नगररचनेची नगचना झाली
आणि तशीच तपासूनही गेली.

मी मूळचा गणिताचा.
तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण, दोन वेळचा चहा,
परत आलो तो संगणकाचा सर होऊन.
आठवीला सांगितलं : प्राचीन संस्कृतीवर
प्रत्येकानं एक पान करायचं.
वर मथळा, मधे चित्र, चित्राखाली चार ओळी,
आणि एक दुवा,
दाबला की दुसरीकडं नेणारा.

मन्मथनं इजिप्त घेतलं, पिरॅमिड आयते मिळतात.
गंगासागरनं बाबिलोन, झुलत्या बागेपायी;
मागचा रंग इतका हिरवा केला
की अक्षरं दिसेनात.
तय्यबनं मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाची
लांबी, रुंदी, खोली पाठ म्हणून दाखवली.
त्याच्या घरी नळाला नवव्या दिवशी पाणी येतं.

आणि वडारवाड्यातला यल्लप्पा.
माऊस धरतो तो खोऱ्याच्या दांड्यासारखा, मुठीत.
तीन आठवडे त्याचं पान कोरं.
"काय घेतलंस रं?"
"काय न्हाई सर."
"कामून?"
"बघुलालो. समदं लई लांब हाय."

तेवढ्यात वीज गेली.
इन्व्हर्टर फक्त मुख्याध्यापकांच्या पंख्याला.
काळ्या पडद्यांत तेवीस तोंडं,
आणि मागच्या बाकावरून, कुणी न विचारता,

"आमचा बाप तेरणेकाठची पांढरी खांदतो सर.
गाढवावर घालून गावात देतो, धाब्यावर टाकायला.
वर हातभर राख.
मग खापरं, लाल, हात फिरवला तर घसरतो.
मग विटा, ह्या एवढाल्या.
परत राख.
मग जळका गहू, दाणा न् दाणा येगळा.
कवा मणी. बाईच्या बांगडीचा शंख.
लई खाली गेलं की काळी लागती.
काळी लागली की बाप खोरं ठेवतो."

कुणी हललं नाही.
गंगासागर हळूच म्हणाली,
"आमच्या धाब्यावर गेल्या साली..."
"चौदा खेपा. म्याच टाकल्या."
ज्या धाब्यावर तिची आई मिरच्या वाळवते,
त्यावर कुणाची तरी चूल, कुणाचं पेव.

खरं तर मी सांगायला हवं होतं
की ती माती उपसायची नसते,
तसा फलकही आहे तिथं, गंजलेला.
पण आमच्या या खोलीवर कोणती माती आहे,
हे वर बघून मला कळलं,
आणि मी नुसता हजेरीचा कागद सरळ केला.

वीज आली.
वाट्याला पाचवाच संगणक आला.
यल्लप्पा सांगत गेला, गंगासागर टंकत गेली.
राखेपाशी अडलं.
मग तिनं बाबिलोनमधून एक 'र' उचलला
आणि राख, खापर, थर, घर,
जिथं जिथं कमी होता तिथं नेऊन टाकला,
एकेक,
खेपा घातल्यासारखा.

मथळ्याला त्यानं गावाचं नाव दिलं नाही.
'धाबं' एवढंच लिहिलं.
दुव्याच्या जागी म्हणाला, बापाचा नंबर टाकू का,
कुणाला माती लागली तर?
मी नको म्हटलं.
का नको, ते मला नीट सांगता आलं नाही.
दुव्याचे दोन गुण मात्र कापले.

आता ते पान उघडलं की
बोटानं खाली खाली जावं लागतं,
राख, खापरं, विटा, राख, गहू,
आणि तळाशी वीतभर नुसता काळा रंग.
"इथं लिहायचं राहिलं का रे काही?"
"न्हाई सर," तो म्हणाला,
"हितं अजून गाव बसायचंय."