फेस

पोत्याचा हूक माझ्याच पोटरीत गेला.
गंजगोलाईतून बाटली आणली.
रोज ओतायचो. पांढरा फेस उसळला
की वाटायचं, पैसे वसूल.

एकविसाव्या दिवशी
शहनाज सिस्टरनं पट्टी सोडली,
बघत राहिली.
"उत्रेश्वर, कुणाला जाळायलास?
जंतू मरायलेत, खरंय.
आतून शिवणारे बी मरायलेत की."

उकळून निवलेलं मीठपाणी, ओली पट्टी.
एवढंच.
ना चुणचुण, ना वास.
फसवल्यासारखं झालं.

परवा पट्टीखाली
भिजल्या मसूरडाळीसारखं काही
लाल, दाणेदार.
डाळमिलमध्ये केस पिकले,
असला माल पाहिला नव्हता.

पायजम्यावर रक्ताचा डाग होता.
उरलेली बाटली त्यावर ओतली.
फेस आला.
बघत बसलो.