दार कुणी लावलं

गणपती पेठेतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात
रात्री शटर अर्धं खाली आलं
की ती वही निघायची,
हळदीच्या अडतीतून आणलेली, लाल कापडाची, लांबोडकी,
पानापानावर जमा आणि नावे.

भूपाल मगदूम तसंच लिहायचे, हिशेबानं.
जमा : एक खिडकी. नायिकेची मान. गप्प बसलेला बाप.
नावे : तीन गाणी, शिवाय तो कुत्रा.
बाकी : पुन्हा बघावा, पण एकट्यानं.

इंदुताई कुरणे मिरजेला नर्स.
त्यांचा शेरा बहुतेक वेळा एकाच ओळीचा :
असं कुणी मरत नाही.
एकदाच त्यांनी लिहिलं होतं,
हा माणूस बरोबर मेला, हात बघा.

रसूल मुजावर तंबोऱ्याचे भोपळे कोरायचा.
डोळे मिटून सिनेमा बघतो, असं बाबा म्हणायचे.
पडद्यावरचं त्यानं काहीच लिहिलं नाही.
जिन्यावरची पावलं. कपबशी.
दुसऱ्या रिळात लांब कुठंतरी दळण चाललंय,
ते कुणाच्या घरचं, हे दिग्दर्शकाला तरी ठाऊक आहे का?

भांडण मात्र एकाच सिनेमावरून, तीस वर्षं.
काळापांढरा, सांगलीत एकदाच आलेला, बारा दिवसांत उतरलेला.
शेवटी ती बाई दार लावते.
मगदूम म्हणत, आतून.
इंदुताई म्हणत, बाहेरून, आणि किल्ली विहिरीत टाकते.
रसूल म्हणे, कडी वाजलीच नाही मर्दा,
दार उघडंच हाय अजून.
बाबा काचा पुसत राहायचे.

पूर आला त्या साली पाणी दुकानात छातीला लागलं.
वहीतली शाई गेली.
मगदुमांचे हिशेब, रसूलची पावलं,
सगळं पानभर निळं.
इंदुताईंना पेन्सिलीची सवय, वॉर्डातली.
म्हणून आता पानं उलटावीत तर
निळं, निळं, आणि मध्येच ठळक :
असं कुणी मरत नाही.
तोवर त्या जाऊन सहा वर्षं झाली होती.
रसूल त्याच दिवाळीत गेला.

मागची पानं वाळून पापडासारखी झालीत,
त्यावर मी लिहिते, नव्या सिनेमांबद्दल.
परवाचा एक, सगळा लिफ्टमध्ये घडणारा.
मला आवडला. पण लिफ्टचा तो आवाज खोटा,
हे रसूल नसताना मलाच लिहावं लागलं.

आणि मग तो सापडला. बारा दिवसांचा.
कुणीतरी रीळ धुऊनपुसून लख्ख केलेलं.
काउंटरवर, नंबर तपासायच्या पेटीला
मोबाईल टेकवून मी पाहिला.

बाई दार लावते. आतून.
त्यानंतर अकरा मिनिटं आहेत.
ती परसातून वळसा घालून येते,
बाहेरून कुलूप घालते. विहीर. किल्ली.
मग नुसतं घर, बराच वेळ.
पण तिथं आधीच पाटी येते, की पुढचा आवाज मिळू शकला नाही.
कडी वाजते का, कुणाला विचारू?

मगदूम आता विश्रामबागेत, मुलाकडं. चौऱ्याऐंशी.
मी फोन घेऊन गेले.
त्यांनी चष्मा पुसला, आमच्याच दुकानचा,
आणि एक शब्द न बोलता बघत राहिले.
दार लागलं तसे उठले,
पलंगाखाली चप्पल शोधायला लागले.
काका, अजून आहे की सिनेमा.
असू दे, म्हणाले, कवठ्याची शेवटची गाडी सुटंल.

मी बंद केला.
रात्री पेन्सिलीला टोक केलं.
जमा : अकरा मिनिटं.
नावेच्या रकान्यात काय लिहावं, कळेना.