उत्पन्नाचा तपशील

पत्र दोन पानांचं. दुसरं पान जवळजवळ कोरं,
खाली एक फोन नंबर,
त्यावर चाळीस मिनिटं पियानो वाजतो.

'मिसेस मोहित' – मात्रा खाल्लेली –
'आपला अर्ज नामंजूर. आपली नड सिद्ध होत नाही.'

नड.
आमच्याकडे ती सांगायची नसते.
शेजारीण न विचारता वाटी भरून देते
आणि वाटी रिकामी परत करायची नाही,
एवढाच कायदा.
इथे मी सांगितली. अकरा पानं,
जोआनच्या काळ्या पेनाने, चौकटीबाहेर न जाता.

कारण दिलंय:
'मार्चमध्ये खात्यावर तीनशे बारा पौंड जमा. उत्पन्न.'
बर्नलीच्या बसस्टॉपवर उभी राहून वाचत होते,
दोन बस गेल्या.
मार्चमध्ये माझ्या घरी काय पिकलं होतं?

मार्चच्या सहा तारखेला दिगंबर
गाद्यांच्या कारखान्यात, पॅकिंगच्या पट्ट्याशी
खाली बसला. बसला तो बसलाच.

आठ दिवसांनी डॅरेन आला, दारातच थांबला,
बूट काढू की नको या विचारात.
हातात तपकिरी पाकीट, पाकिटाच्या पाठीवर नावं:
लेन, वीस. काशा, दहा.
इफ्तिखारभाई, पन्नास.
अगदी खाली, नावच नसलेले पाच:
'त्याने मला एकदा पावसात घरी सोडलं होतं.'

मी ते पैसे बँकेत भरले. तिथेच चुकलं.
पिठाच्या डब्यात ठेवले असते
तर आज मी रीतसर गरीब ठरले असते.

दाद मागायला एक महिना.
त्यातले एकोणीस दिवस माझी मलाच लाज वाटण्यात गेले.
शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता
जोआन म्हणाली, लिही. रडू नकोस. तारखा घाल.

तारखा घातल्या. थकलेलं भाडं, अंत्यविधीची पावती,
मीटरमध्ये उरलेले एकसष्ट पेन्स.
मग एका वाक्यापाशी अडले.
मराठीत ते आधीच तयार होतं:

आहेर लग्नाला असतो, साहेब. मयताला खांदा असतो.
त्यांना त्या दिवशी येता येणार नव्हतं, शिफ्ट होती,
आणि तिरडी नव्हतीच, काळी गाडी होती,
तिला स्वतःची चाकं होती.
म्हणून त्यांनी आधीच खांदा दिला,
ज्याला जेवढं पेललं तेवढा.
याला तुम्ही उत्पन्न म्हणता?

इंग्रजीत त्याची अर्धी ओळ झाली:
मदत होती, अंत्यविधीसाठी होती, संपली.
सोबत पाकिटाची झेरॉक्स, दोन्ही बाजू.
'साहेब' जोआनने खोडलं. म्हणाली,
तिथे बाईच असेल बसलेली, माझ्या वयाची,
तिचंही भाडं थकलं असेल.

पाच आठवड्यांनी उत्तर. एकच पान.
'फेरविचार केला. सदर रक्कम वगळण्यात येत आहे.
आठवड्याला अठ्ठावीस पौंड, तेरा आठवडे.'
मागितले होते सव्वीस.
माझी मात्रा अजून त्यांच्याकडेच.

जिंकले म्हणायचं. चहा टाकला, मीटरकडे न बघता.
पण ते 'वगळण्यात' घशाशी आलं.
लेन वगळला. काशा वगळली.
इफ्तिखारभाई, आणि पावसातला तो बिननावाचा,
सगळे हिशेबाबाहेर जाऊन उभे राहिले
तेव्हा कुठे माझी बेरीज जुळली.

पाकीट आता पिठाच्या डब्यात आहे. रिकामंच.
काढताना नावांना थोडं पीठ लागतं.

तेरा आठवड्यांनी पुन्हा अर्ज.
जोआनचं काळं पेन माझ्याकडेच राहिलंय,
नुसतं कसं परत करू?